पाण्यावरची स्कूटर आणि माझी हळद

जगात कुठेही थेंब गळत असला, तर आमच्या भाऊजींना कळवल्याशिवाय तो गळत नाही. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय सत्तर, घर आमच्या घराला लागून, आणि मधल्या भिंतीत एक दार, जे बंद करायची अक्कल मला पन्नास वर्षांत आली नाही. दुसऱ्यांना कानात देवळाची घंटा ऐकू येते, यांना वॉशर गेलेला नळ ऐकू येतो. अकोल्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती, हातात अक्षता होत्या, आणि हा माणूस माझ्या शेजारून नाहीसा झाला. मंगल कार्यालयाच्या मागे हात धुवायच्या जागी एक नळ टपटपत होता. यांनी तो उघडला, त्याचं पोट तपासलं, आणि खरा दोष वरच्या टाकीत आहे असं ठरवून टाकीचाच कॉक बंद करून टाकला. पहिली पंगत उठली आणि तीनशे माणसं वरणाचे हात वर धरून उभी. नवरीकडचे लोक मला विचारू लागले की तुमच्या घरी अशी रीत आहे का. मी भाऊजींना चारचौघांत झापलं, तर म्हणतात, "वयनी, हात वाळून जाईन थोड्या वेळात. नळ पाहा, गळून राह्यला का?"

त्यांनी जन्मभर विहिरीवरची ऑइल इंजिनं आणि मोटारी दुरुस्त केल्या. तेल्हाऱ्याच्या आसपास असं एक शेत नसेल जिथल्या पंपाच्या पोटात त्यांचा हात गेला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. या दुरुस्तीचं सामान कुठून येत होतं ते मला विचारा. माझ्या कुकरच्या रिंगा, चपलेचे पट्टे, नातवाच्या सायकलची ट्यूब, गोधडीची चिंधी, सगळं कुणाच्या ना कुणाच्या पंपात बसलेलं आहे. एकदा वरण शिजत असताना कुकर गार व्हायची वाट पाहत बसले होते. मला वाटलं, भूक लागली असेल. झाकण निघाल्याबरोबर रिंग घेऊन गेले. वरण तसंच.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता, तो त्यांनी पुढे आयुष्याचाच करून टाकला. विहिरीवरचा पंप कोरडा चालवला तर जळतो. म्हणून आधी त्याच्या पोटात पाणी भरायचं, कुठे हवा शिरत असली तर शेणाचा काला ओतून ती फट बुजवायची, आणि मगच बटण दाबायचं. "आधी पाणी, मंग चालू." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मरताना माझ्या तोंडात गंगाजळ घालणाराही तेच म्हणेल. जावई पहिल्यांदा घरी आला, तर तांब्या संपेपर्यंत त्याला तोंड उघडू दिलं नाही. आमचे हे आणि भाऊजी दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडले, तेव्हाही भाऊजी आधी पाण्याचा लोटा घेऊन आले, मोठ्या भावाला पाजला, आणि मग शिव्यांना सुरुवात केली. आमचे हे म्हणाले, "शिव्याईच्या आधी पाणी देणारा हा एकच दुश्मन पाह्यला मी."

आता मुख्य गोष्ट. भाऊजींची एकुलती एक मुलगी वंदू. चांगली धडधाकट, तोंडाने माझ्यावर गेलेली. तिनं दोन वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर बोटिंगची परवानगी काढली. पायानं मारायच्या चार बोटी आणि एक पाण्यावरची स्कूटर, जी तिनं कोकणातून जुनी आणवली होती. चिखलदऱ्याला जाणारे-येणारे लोक वाट वाकडी करून तिथे येतात ते त्या स्कूटरसाठीच. पायानं मारायच्या बोटीत बसून घाम काढायला कोण येतो? यंदा दिवाळीच्या तोंडावर ती स्कूटर बिघडली. चालवली की तिच्या पोटात पाणी साचे, इंजिन तापे, आणि ती कोंबडीसारखी ओरडत बंद पडे. आणि शनिवारी सकाळी परवानगी देणारे साहेब पाहणीला येणार होते. स्कूटर त्यांच्यासमोर चालली तर परवानगी पुढे चालू, नाहीतर दुसरा एक जण स्वतःच्या दोन नव्या स्कूटरी घेऊन टपून बसलेलाच होता.

वंदूनं अमरावतीहून मेकॅनिक बोलावला. तो काळा चष्मा लावून आला, अर्धा तास पाना फिरवला, मोबाईलनं इंजिनाचे फोटो काढले आणि म्हणाला, पूर्ण इंजिन उतरवावं लागेल, मुंबईला पाठवावं लागेल, महिना धरा. मला अशा लोकांचा फार राग येतो. फोटोच काढायचे होते तर लग्नात जावं.

गुरुवारी वंदूचा मला फोन आला. फोन मी ओट्यावर ठेवून मोठ्या आवाजात लावते, कारण हात पिठात असतात. ती सगळं सांगून म्हणाली, "मोठ्याई, बाबाले यातलं काही सांगू नको. त्याईचा हात लागला का संपलंच." तिचं चुकलं नव्हतं. मागच्या वर्षी तिचं कपडे धुवायचं यंत्र गळत होतं, ते भाऊजींनी दुरुस्त केलं. एक थेंब बाहेर येणार नाही म्हणाले होते. आला नाही. पण त्या दिवसापासून आतही गेला नाही. आता त्या यंत्रात वंदू कांदे ठेवते.

मी "नाही सांगत" म्हणेपर्यंत मागून आवाज आला, "पोटात साचते म्हंजे पाणी जातानी गळून राह्यलं का येतानी?" भाऊजी दारात उभे.  मग वंदू म्हणाली, "मोठ्याई, त्याईले एकटं येऊ देऊ नको. तू संग असशीन तरच या."

म्हणजे मी राखणदार. शुक्रवारी सकाळी आवरत होते, तर भाऊजी माझा डबा काखेत मारून दाराबाहेर निघालेले. काय नेता विचारलं. "हळद. ट्रकवाले रेडिएटर गळलं का हळद टाकतात. फुगते आन् भेग बुजवते." मी डबा उघडला. बेसन. दिवाळीच्या लाडवांसाठी दळून आणलेलं बेसन! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "भाऊजी, डोळे हायेत का बटनं? हळद आन् बेसन कळत नाई तुमाले?" त्यांनी नुसता हळदीसाठी हात पुढे केला. एरवी माझ्या एका वाक्याला त्यांची चार असतात. मी रागारागात बेसन परत ठेवलं आणि हळदीचा डबा त्यांच्या हातात आदळला. वर्षाची हळद होती, घरी कुटलेली. देताना माझंच काळीज तुटलं, पण बेसन वाचलं ना, या आनंदात देऊन बसले. अशी माणसाची अक्कल मारतात ते. आणखी एक गोष्ट. त्यांची फटफटी दारात उभी होती, पण म्हणाले, "एसटीनं जाऊ. तुमच्या कंबरेले हिसके बसतात." माझ्या कंबरेची काळजी त्यांना त्याआधी कधी पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

धरणावर पोचलो. स्कूटर काठावर लाकडी घोडीवर चढवून ठेवली होती, बसायची गादी काढलेली, आत इंजिन. भाऊजींनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, हातानं चाचपलं, कान लावला. मग विचारलं, "इचं रेडिएटर कुठं हाय?"

"नाई हाय बाबा," वंदू म्हणाली. "ही धरणाचंच पाणी ओढते, इंजिनाभोवती फिरवते, आन् बाजूच्या भोकातून परत धरणात सोडते."

भाऊजींना धक्काच बसला. जन्मभर थेंब थेंब अडवलेला माणूस. म्हणाले, "उचललं पाणी आन् सोडलं पाणी! ज्याच्या घरी प्याली त्याच्याच अंगणात चूळ भरते. काय बेशरम मशीन घेतलं वं तू!"

वंदूनं दात ओठ खाऊन त्यांना सगळं दाखवलं. स्कूटर पाण्याबाहेर असली की नळाची नळी इथे जोडायची, म्हणजे इंजिनाला पाणी मिळतं. "पण ध्यानात ठेवा बाबा. हिचं तुमच्या पंपाच्या उलटं हाय. आधी इंजिन चालू, मंग नळ. बंद करतानी आधी नळ, मंग इंजिन. इंजिन बंद असतानी पाणी सोडलं तर ते धुराच्या नळीतून मागं फिरून इंजिनात शिरते, आन् मंग इंजिन गेलं." भाऊजी म्हणाले, "हाव, समजलं." वंदूनं माझ्याकडे पाहिलं. मीही म्हटलं, समजलं. तेवढ्यात चार पोरी बोट मागायला आल्या, म्हणून ती काठावर गेली.

आता यात माझी चूक किती, ते तुम्हीच ठरवा. मी बाकावर बसून पाय दाबत होते. भाऊजींनी माझी हळद पाण्यात कालवली, सगळी, डबा उपडा करून, आणि तो काला नळीत ओतला. नळी जोडली. नळ सोडला. आणि हात कमरेवर ठेवून समाधानानं म्हणाले, "पिऊ दे पोटभर." मी पाहत होते. मला काही खटकलं नाही. पन्नास वर्षं तेच ऐकत आले, माझ्याही हाडात तेच भिनलं होतं. आधी पाणी. पाच-सात मिनिटं पाणी पाजून त्यांनी बटण दाबलं. स्कूटरनं एकदा 'ठक्' केलं आणि अडली. दुसऱ्यांदा दाबलं, तर तेवढंही नाही.

वंदू पळत आली. नळ सुरू, इंजिन मेलेलं, बाजूच्या भोकातून पिवळं पाणी गळतंय. मला वाटलं, आता ही ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाळूत खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी सांगितलं होतं ना. उद्या सकाळी साहेब येतात बाबा."

भाऊजींनी आधी नळ बंद केला.  मग पिशवीतून पाना काढला आणि म्हणाले, "पुरात बुडालेली मोटारसायकल काय फेकून देतात का? प्लग काढतो. जसं आत गेलं तसंच बाहेर येईन." तिन्ही प्लग त्यांनी बोटांनी चाचपून काढले. वंदूला बटणावर बसवलं. मी बिचारी काय होते ते पाहायला पुढे वाकले. वंदूनं बटण दाबलं आणि तीन भोकांतून पिवळ्या पिचकाऱ्या उडाल्या. तोंड, केस, आणि अंगावरचं पांढरं पातळ, सगळं हळदीनं न्हाऊन निघालं. आमचे हे जाऊन चौदा वर्षं झाली, आणि बहात्तराव्या वर्षी मला हळद लागली, तीही माझ्याच डब्यातली! बोटीतल्या पोरी हसायला लागल्या. वंदूही हसली, तेव्हा मात्र मी तिला दोन शब्द सुनावले. भाऊजी म्हणाले, "वयनी, जराशा बाजूले व्हा, अजून एक खेप हाय."

इंजिन मात्र सुटलं. त्यांनी प्रत्येक भोकात थेंब थेंब तेल सोडलं, प्लग पुसून बसवले, आणि यावेळी वंदूनं त्यांना नळाजवळ जाऊच दिलं नाही. आधी इंजिन, मग नळ. स्कूटर खणखणीत सुरू झाली. भाऊजींनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही बुडवली मीच होती. पण मूळ दुखणं तसंच होतं. पोटात पाणी साचतच होतं, आणि ते नक्की कुठून येतं ते कळत नव्हतं. आत सगळंच ओलं, सगळंच पिवळं. दहा नळ्या, वीस जोड. भेग बुजवायला गेलेली माझी हळद भोकातून धरणात वाहून गेली होती, एवढंच कळत होतं. वंदूनं इंजिन बंद केलं. दिवस कलायला लागला होता.

मी तावातावानं नळावर गेले आणि कपड्याच्या साबणानं पातळ चोळलं. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. पदर कुंकवासारखा लालभडक झाला, म्हणजे वाईटाचं आणखी वाईट. तसाच साबण लावलेला एक फडका घेऊन मी स्कूटरचं पोट पुसायला बसले. उद्या साहेबानं गादी उचलून पाहिली आणि आत पुरणाचं पातेलं सांडल्यासारखं दिसलं तर? नळ्या, इंजिनाचं अंग, तळ, सगळं चोळून काढलं. सगळं लाल झालं, मग पाणी मारलं, सगळं गेलं. परत साबण फिरवून मी कंबर सरळ केली, आणि पाहते तर इंजिनाच्या मागच्या अंगाला, एका नळीच्या वाकणाखाली, पट्टी आवळलेली असते तिथे, सुतासारखी एक लाल रेघ परत उतरत होती. पुसली, तर पुन्हा आली. आतलं हळदीचं पाणी तिथून पाझरत होतं आणि साबणाला लागून लाल होत होतं.

"भाऊजी, हे पाहा. इथून येते."

ते वाकले. "कुठं?"

"हे काय, तुमच्या नाकासमोर. लाल."

ते आणखी वाकले, नाक जवळजवळ नळीला टेकलं. मान इकडे केली, तिकडे केली, वाकड्या नजरेनं पाहिलं. मग हात पुढे केला. त्यांचं बोट त्या रेघेवरून दोनदा गेलं, रेघ पुसून गेली, आणि ते अजून विचारत होते, "कुठं म्हणता वयनी?"

तेव्हा मला बेसनाचा डबा आठवला. फटफटी सोडून एसटी आठवली. आणि सकाळी मी काय बोलले होते तेही आठवलं.

आमच्याकडे भावजय दिराचा हात धरत नाही. पन्नास वर्षांत मी त्यांच्या हातात तांब्या दिला, ताट दिलं, शिव्या दिल्या, पण हाताला हात लागला नव्हता. मी मनगट धरलं आणि त्यांचं बोट नेऊन बरोबर त्या जागी ठेवलं. त्यांनी नख फिरवलं. आणि त्यांचा चेहरा असा उजळला की बस.

"हाव! सापडली. भेग हाय, केसासारखी. कोन्या मेकॅनिकनं मागं कधी पट्टी अशी आवळली का नळीच चिरली." मग त्यांना डोळ्यांची गरज पडली नाही. चिरलेलं टोक दोन बोटं कापून टाकलं, नळी पुढे ओढून परत चढवली, पट्टी बेताची आवळली. माझी कुकरची रिंगही लागली नाही. वंदूनं इंजिन लावलं, मग नळ सोडला. पोट कोरडं. मी स्वतः हात घालून पाहिलं.

शनिवारी साहेब आले. वंदू स्कूटरवर बसून धरणात अशी गेली की काठावरचे बगळे उडाले. बाजूच्या भोकातून पांढरीशुभ्र धार पडत होती. साहेबांनी कागदावर सही केली, चहा घेतला आणि विचारलं, कोणत्या मेकॅनिकनं दुरुस्त केली. वंदू म्हणाली, "माह्या बाबानं." मग भाऊजींकडे वळून म्हणाली, "बाबा, पण इतकी बारीक भेग तुमाले दिसली कशी?"

भाऊजी पाण्याकडे पाहत होते. मी तोंडावर बोलणारी बाई. मनात आलेलं गिळून ठेवायची मला सवय नाही, आणि ती चांगली सवय आहे असंही मी मानत नाही. पण म्हटलं, "तुह्या बापाचे डोळे घारीचे हायेत. बेसन सोडून सगळं दिसते त्याईले."

परतताना एसटीत भाऊजी खिडकीशी बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वयनी, वंदूले सांगू नका."

"काय?"

"तुमची हळद मीच संपवली ते."

"तिनं पाह्यलं ते," मी म्हटलं. "दुसरं मले काही माहीत नाई." 

दिवाळीनंतर मी त्यांना ओढत अकोल्याला डॉक्टरकडे नेलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, डॉक्टर म्हणाले; ही डोळ्यामागची नस सुकते आहे. थेंब दिलेत, उरलं तेवढं टिकवायला. वंदूला स्वतः सांगायचं त्यांनी कबूल केलं आहे. संक्रांत झाली, अजून सांगितलं नाही. मी रोज भांडते.

त्यांची फटफटी विकली. मधल्या दारातून येताना आता ते भिंतीला हात लावून येतात. माझ्या अंगणातला नळ महिनाभरापासून गळतो आहे. शेजारीण म्हणते, किती पाणी वाया जाते, वॉशर तरी बदला. वॉशर माझ्याकडे डब्यात पडलेलं आहे. खाली बादली ठेवली आहे, झाडांना होतं ते पाणी. दुपारी भाऊजी दार उघडून उभे राहतात, टपटप ऐकतात, आणि त्या आवाजाच्या रोखानं न अडखळता सरळ माझ्या ओट्यापर्यंत येतात. "वयनी, तुमचा नळ गळून राह्यला," म्हणतात.

"राहू द्या," मी म्हणते. "आधी पाणी घ्या."